तीन माणसांपर्यंत फुकट

"हे तांबडं बटण कशाचं गं?" मगदूमकाकांनी स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

"लॉस्ट. म्हणजे हे गिऱ्हाईक गेलं. आता ते काही घेणार नाही."

"कुठं गेलं? सुशीला कोरे बेडगमध्येच आहे की. परवा तिच्याकडे चहा पिऊन आलो मी."

"काका, सहा वर्षं तुम्ही तिच्याकडे चहाच पिताय. घरघंटी घेतली का तिनं?"

"अजून नाही."

"मग? मी लॉस्ट करते."

"ए, थांब थांब!" त्यांनी माझा माउसवरचा हात धरला. "चांगली धडधाकट बाई आहे, तिला असं तांबडं काय करतेस?"

मला हसू आलं आणि रागही आला. मंगळवारची दुपार होती, शनिवारी मला आवटीसाहेबांना निकाल द्यायचा होता, आणि काकांची पहिलीच डायरी चौथ्या पानावर अडकली होती. अशा सहा डायऱ्या बाकी होत्या.

बारा वर्षं झाली ह्याला. आता माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत आणि असली सॉफ्टवेअरं मी डोळे झाकून निवडते. पण तेव्हा मी पंचवीस वर्षांची, मिरजेच्या एमआयडीसीत आवटी घरघंटीच्या ऑफिसात फोन उचलणारी मुलगी होते. आमचं काम म्हणजे घरगुती पिठाच्या चक्क्या खेडोपाडी विकायच्या. घरी दळून चार पैसे मिळवणाऱ्या बायका ही आमची गिऱ्हाइकं. विकायला तीन माणसं: दीपक चौगुले, शकील बागवान आणि मगदूमकाका. काका साहेबांच्या वडिलांच्या वेळचे. मी दोन वर्षांची जुनी, पण अजून नवीनच समजली जायची.

झालं होतं असं, की साहेब कुठल्याशा उद्योजकांच्या जेवणाला गेले आणि तिथं कुणीतरी त्यांच्या कानात सीआरएम फुंकलं. गिऱ्हाइकांची सगळी कुंडली एका जागी, कोण कुठे गेला, काय बोलला, पुढे कधी जायचं, सगळं मोबाइलवर. साहेबांनी मला बोलावलं. "रेवती, तू कॉम्प्युटरवाली. शोधून काढ. स्वस्त पाहिजे, आणि आपल्याला पाहिजे तसं वाकवता आलं पाहिजे."

मी असा काही तक्ता केला म्हणता! सात सॉफ्टवेअरं आडवी, अकरा गोष्टी उभ्या, रंगीत प्रिंट. सोमवारी सकाळी साहेबांसमोर ठेवला. त्यांनी बाकी काही वाचलं नाही. पहिल्याच ओळीवर पेनानं गोल केला. 'तीन माणसांपर्यंत फुकट.'

"आपण किती?"

"चार, साहेब. तिघं विकणारे आणि मी."

"तू फोनवर आहेस. तुला काय करायचंय?" मग माझं तोंड बघून ते जरा हसले. "विकायला बाहेर पडायचंय ना तुला? दोनदा अर्ज दिलायस."

"तीनदा."

"मग ऐक. मगदूम दिवाळीत बासष्टचे होतील. गेल्या वर्षी त्यांच्या नावावर विक्री किती? अकरा. दीपकची चाळीसच्या वर. शाल, श्रीफळ, चांगला कार्यक्रम करू. तिसरी जागा तुझी. मगदूमांशी मी बोलतो, तू काही बोलू नकोस."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. काकांचं वाईट वाटलं, पण ते पायऱ्या उतरताना. केबिनमध्ये मात्र आनंदच झाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी काका डायऱ्यांची पिशवी घेऊन माझ्यासमोर हजर. "साहेब म्हणाले तू त्या यंत्रात सगळ्यांची गिऱ्हाइकं घालतेयस. माझी पण घाल." तेव्हापासून रोज फिरून आले की चार वाजता माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. मनात यायचं, ह्या माणसाला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि हा बापडा दिवाळीनंतर ज्यांच्याकडे जायचंच नाही त्यांची नावं मला घालायला सांगतोय.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा पुण्याला. त्यानं फार आग्रह केला म्हणून काका एकदा पंधरा दिवसांसाठी गेले आणि चौथ्या दिवशी मिरजेत परत. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाले, "करमेना. इतकी दारं आहेत त्या बिल्डिंगीत, पण मी बेल वाजवायची कुणाची?" आम्ही सगळे हसलो होतो. आता ते आठवून हसू येईना.

पण कामात ते असे छळायचे, की दया टिकायची नाही.

"पुढची भेट कधी?" मी विचारायची. "इथं तारीख टाकावी लागते."

"कुणाची? शांता हुळ्ळेची? सून घरात आल्यावर."

"काका, तारीख!"

"अगं, पोरगी बघायलाच आत्ता सुरुवात केलीय त्यांनी. मी कशी सांगू?"

"बरं, पुढची. आरगची ही बाई."

"तिची भिशी वैशाखात लागणार. पण नणंदेचं बाळंतपण आलं तर ती नंबर नणंदेला देणार. मनानं लई चांगली आहे."

सॉफ्टवेअर म्हणायचं, तारीख टाका नाहीतर पुढे जाता येणार नाही. काका म्हणायचे, तारीख कुठनं आणू. मधल्या मधे मी. शेवटी वैतागून मी सगळ्यांना एकतीस डिसेंबर घालायला लागले.

"सगळ्या बाया एकाच दिवशी?" काका डोकावून म्हणाले. "जेवायला घालायचंय काय त्यांना?"

दीपक पलीकडून फसकन हसला. त्याची नोंद दहा मिनिटांत झाली होती. नाव, गाव, फोन आला ती तारीख, विकलं ती तारीख. मधे सात दिवस, नऊ दिवस. शकीलचंही तसंच. त्यांचे आलेख हिरवेगार दिसायचे.

गुरुवारी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला आणि जागच्या जागी बसले. काकांची सगळी गिऱ्हाइकं तांबडी झाली होती. दोनशे बारा. पहिल्या भेटीपासून नव्वद दिवसांत विक्री नाही म्हणजे लॉस्ट, असा त्या फुकटातल्या सॉफ्टवेअरचा नियमच होता, आणि तो बदलता येत नव्हता. मी सगळे पर्याय पालथे घातले. नाही म्हणजे नाही.

चार वाजता काका आले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं आता चेष्टा करतील. पण त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आता ह्यांच्याकडे कुणीच जाणार नाही?"

"तसं नाही काका..."

"यंत्र दाखवणारच नाही म्हटल्यावर कोण जाणार?"

मला त्यांच्या त्या आवाजाचा इतका त्रास झाला की विचारू नका. मी माझा तक्ता परत काढला. त्यात चौथ्या ओळीला एक सॉफ्टवेअर होतं. फुकट नव्हतं, पण माणशी महिन्याला पावकिलो काजूइतकी किंमत, आणि त्यात वाटेल तो रकाना वाढवता येत होता, नावं मराठीत ठेवता येत होती, तारखेची सक्ती नव्हती. पंधरा दिवस वापरून बघायला मोकळं. मी तिथल्या तिथं ते उघडलं, काकांची सगळी गिऱ्हाइकं त्यात ओतली, आणि लॉस्टच्या जागी त्यांना विचारलं, "काय लिहू?"

"अजून नाही," काका म्हणाले.

मी तेच लिहिलं. मग एक रकाना केला, 'कशासाठी थांबलंय'. त्यात सून आली, भिशी आली, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, पोरीची दहावी आली. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बायका दिसायला लागल्या.

"आणि ह्या सलगरेच्या बाईकडे गेलीस तर मीटरजवळ वायर बघ हं," ते मधेच म्हणाले. "जळकी आहे. आधी ती बदलायला सांग, मग घंटीचं बोल."

"मी कशाला जातेय?" मी म्हटलं, आणि माझी कानशिलं तापली.

"असंच, आपलं सांगून ठेवलं."

आता मी मुळातच जरा हावरट. एक रकाना जमला की दुसरा करावासा वाटतो. विकलेल्या गिऱ्हाइकांसाठी मी 'आमचं नाव कुणाकडून कळलं' असा एक रकाना केला. साहेबांवर छाप पडेल म्हटलं. तो भरायचा तर विचारायला हवं. शुक्रवारी सकाळी मी दोन वर्षांतल्या दीपकच्या आणि शकीलच्या गिऱ्हाइकांना फोन लावायला बसले.

पहिली म्हणाली, मगदूमकाका. दुसरी म्हणाली, मगदूमकाका. तिसरी म्हणाली, भावानं सांगितलं. चौथी, पाचवी, परत मगदूमकाका. मी म्हटलं, असेल, काका जुने आहेत, सगळे त्यांना ओळखतात. सातवा फोन म्हैसाळच्या एका बाईंना लागला.

"अहो ताई, तुम्हीच का त्या?" त्या म्हणाल्या. "आवाज ओळखला मी."

"हो, मीच. घंटी बरी चाललीय ना?"

"झकास. पण एक राहूनच गेलं बघा बोलायचं. मी तुम्हाला त्या वेळी म्हटलं होतं, भिशी लागलीय, मगदूमकाकांना पाठवा. पाच वर्षं आलेत ते आमच्याकडे. तुम्ही दुसऱ्याच पोराला पाठवलं. पोरगा गुणी होता हो, पण काकांना काय वाटलं असंल? रागावलेत का आमच्यावर?"

"नाही नाही," मी म्हटलं. फोन ठेवला आणि जुनं रजिस्टर पुढे ओढलं.

कारण मला ते आठवलं. तो एकच फोन नव्हे, कितीतरी. सकाळी दहा-अकराला फोन यायचे. "मगदूमकाका आहेत का?" काका आठलाच स्कूटर काढून गावांकडे गेलेले. दीपक आणि शकील समोर बसलेले. मी रजिस्टरात गिऱ्हाइकाचं नाव लिहायची आणि समोर जो असेल त्याचं नाव पुढे टाकायची. मला वाटायचं, फोन येईल तेव्हा ऑफिसात असेल त्याचं गिऱ्हाईक, असाच नियम असणार. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. विचारलं की आपल्याला येत नाही हे कळतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मी दीपकला विचारलं, "नियम काय आहे रे?"

"ज्यानं गिऱ्हाईक बघितलंय त्याचं. साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून तसंच आहे. का गं?"

"मग काकांची गिऱ्हाइकं तू कशी घेत होतास?"

तो गोंधळला. "तूच द्यायचीस की. मला वाटलं काकांना आता फिरणं जमत नाही, म्हणून साहेबांनीच सांगितलं असेल." तो खोटं बोलत नव्हता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी बाकीचे फोन केले. चव्वेचाळीस जणांनी उचलले. एकतीस जणांनी एकच नाव घेतलं.

म्हणजे साहेबांच्या कागदावरचे ते अकरा माझ्यामुळे होते. काकांचं बासष्टावं वर्ष, ती शाल, तो कार्यक्रम, सगळं माझ्या अक्षरातल्या रजिस्टरावरून ठरलं होतं. आणि त्याच्या जोरावर तिसरी जागा मला मिळत होती.

शुक्रवारची ती संध्याकाळ मी कशी काढली माझं मला माहीत. एक मन म्हणत होतं, गप्प बस, कुणाला कळतंय. रकाना पुसून टाक. तीनदा अर्ज दिल्यावर मिळतंय. मी तो रकाना एकदा पुसलाही. मग परत सगळे एकतीस भरले.

शनिवारी अकराला मी केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेबांनी रजिस्टर चाळलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे हे आकडे..."

"चुकीचे आहेत साहेब. चूक माझी आहे. काकांची नाही, दीपकची पण नाही."

"कळतंय का तुला तू काय बोलतेयस? तिसरी जागा तुझी ठरलीय."

"कळतंय. ती काकांना द्या. मी फोनवर बरी आहे."

साहेबांनी कपाळ चोळलं. "अगं, पण मी त्यांना सोमवारीच सांगून बसलोय. दिवाळीनंतर थांबा म्हणून. ते लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, पोरीला देताय ना माझी लाइन? मग मी तिला सगळं नीट समजावून देतो."

मला धरायला काही मिळेना, म्हणून मी खुर्चीची पाठ धरली. सोमवारीच! म्हणजे मंगळवारी डायऱ्यांची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले, ते सगळं माहीत असूनच. ती सून, ती भिशी, ती जळकी वायर. मी तारखांवरून त्यांच्यावर खेकसत होते आणि तो माणूस आपली सगळी घरं माझ्या स्वाधीन करत होता.

आज निकाल म्हणून काका गावांकडे गेले नव्हते. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "मगदूम, तुमची गिऱ्हाइकं दोन वर्षं दुसऱ्यांच्या नावावर चढत होती. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"राहून गेलं."

"दोन वर्षं राहून गेलं?"

"त्यात काय एवढं साहेब? घंटी घरात गेली, बाई दळायला लागली. दीपकचं नवीन लग्न, शकीलच्या घराचं काम निघालेलं. चाललं."

"आणि नोकरी जात होती तेव्हा तरी बोलायचं!"

काका नुसतेच हसले. साहेब माझ्याकडे वळले. "ही म्हणतेय तुम्ही राहा, ती फोनवर बसेल."

"फोनवर?" काका एकदम ताठ झाले. "नको साहेब! परत हिच्याकडे फोन द्याल तर मी आजच घरी जातो. हिला बाहेर पाठवा, कुठंही पाठवा, पण त्या फोनपासनं लांब ठेवा!"

साहेबांना हसू आवरेना. मलाही, डोळ्यांतून पाणी येत असताना. साहेबांनी तक्ता पुढे ओढला. "ते दुसरं, वाकणारं, चार माणसांना वर्षाला किती पडतं?"

मी सांगितलं. ते मोठा उसासा टाकून म्हणाले, "घे तेच. फुकटातलं महागात पडलं असतं." मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक कागदात गुंडाळलेलं पुडकं बाहेर काढलं. "आणि ह्या शालीचं काय करू? आणून ठेवली होती."

"द्या की," काका म्हणाले. "सकाळी स्कूटरवर गार लागतं मला."

तसे ते पुढे पाच वर्षं आमच्याबरोबर होते. त्यांच्याच इच्छेनं थांबले. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं. काका शाल काखेत मारून खाली गेले. मी धावत मागे गेले. ते स्कूटरची सीट फडक्यानं पुसत होते.

"काका, मला खरं सांगा. साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की, राहून गेलं."

"काका!"

त्यांनी फडकं झटकलं. "पहिलं गिऱ्हाईक गेलं ना माझं, एरंडोलीचं, तेव्हा मी तणतणत आलो होतो. म्हटलं आज हिची चांगली हजेरी घेतो, मग साहेबांकडे जातो. दारात आलो तर तू फोनवर. तुझा पहिला महिना होता. एका हातात फोन, आणि दुसऱ्या हातानं टेबल असं घट्ट धरलेलं, की बोटं पांढरी पडलेली. म्हटलं, आज नको. उद्या सांगू."

"मग उद्या?"

"उद्या पण तू टेबल धरूनच होतीस. परवा पण. मी रोज येताना बघायचो." त्यांनी शाल डिकीत ठेवली, झाकण लावलं. "मग सहा-सात महिन्यांनी एक दिवस आलो तर तू टेबल सोडून बोलत होतीस. हसत होतीस फोनवर. हात हलवून बोलत होतीस. इतकं बरं वाटलं बघ मला. मग म्हटलं, आता कशाला सांगायचं?"

मी तिथंच, कंपनीच्या फाटकात, भर उन्हात रडले. वरच्या खिडकीतून दीपक बघत होता. बघू दे म्हटलं.